बिअर गढूळ असू द्या, आठवण नको

पुण्यात सध्या ‘हेझी आयपीए’ या मुद्दाम गढूळ ठेवलेल्या बिअरचे कौतुक चालू आहे. आम्ही पंचशील मानणारे. तिच्या चवीवर बोलणार नाही. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत दारूने मोडलेले संसार आम्ही पाहतो. तिथे हातभट्टी पिणारा बेवडा ठरतो, आणि महागडी बिअर पिणारा रसिक!

पण आमचा मुद्दा त्या ग्लासाबरोबर निघणाऱ्या जुन्या क्रिकेटच्या गोड आठवणींचा आहे. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. इंग्लंडहून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी जहाजाने येणारी बिअर. त्याच साहेबांच्या पुण्यातल्या क्लबात बाळू पालवणकर खेळपट्टीवर रोलर फिरवत आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकत. जातीने चांभार. हिंदूंना गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे होते म्हणून त्यांना संघात घेतले. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

१९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. हा इतिहास आम्ही लपवत नाही. पण राजकारण चुकले म्हणून मैदानावरचा अपमान खोटा ठरत नाही.

बारामतीत बाबासाहेबांच्या नावाचे क्रिकेट मैदान आहे. तिथे सरावाला जाणाऱ्या आपल्या पोरापोरींना बाळूंचे नाव आपणच सांगितले पाहिजे. ग्लासवाले सांगणार नाहीत.

जयभीम!