गोळी-इंजेक्शन थांबल्यावर

‘सुनेनं इंजेक्शन सोडून सहा महिने झाले, अजून काही नाही. पिशवी बिघडली असेल का?’ हा प्रश्न आम्हाला बहुधा सासूबाई विचारतात, तोही दबक्या आवाजात. सून विचारत नाही. तोवर तिच्या गळ्यात एक तावीज आलेला असतो आणि जेवताना कुणीतरी जावेच्या बाळाचा विषय हमखास काढलेला असतो.

आम्ही डॉक्टर नाही. पण या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, हे नक्की: ती नेमके काय घेत होती? आपल्या घरांत ‘गोळ्या-इंजेक्शन’ हा एकच शब्द होऊन बसला आहे. शरीर मात्र दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवते.

आधी गोळी. माला-एन किंवा माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोनमुळे बीज तयार होऊन बाहेर पडण्याचे थांबते. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत जे अंगावर जाते ती खरी पाळी नव्हे. हार्मोन थांबल्याने गर्भाशयाचे अस्तर गळते, एवढेच. ही गोळी शरीरात साठत नाही, काही दिवसांत निघून जाते. बहुतेकींची स्वतःची पाळी तीन महिन्यांच्या आत सुरू होते. काहींना तर पाळी दिसण्याआधीच दिवस राहतात. ‘पाच वर्षे गोळ्या घेतल्या, आता वर्षभर तरी काळजी नाही’ असे धरून चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गोळीने झाकलेल्या जुन्या तक्रारीही परत येतात. पोटातल्या कळा, जास्त रक्तस्राव, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या. लग्नाआधी जिची पाळी दोन-दोन महिने लांबत होती, तिची आताही लांबू शकते. मग दोष गोळीला दिला जातो. खरे तर तो त्रास आधीचाच होता, गोळीने फक्त त्यावर पडदा टाकला होता. अशा मुलीने पीसीओडीची तपासणी करून घ्यावी.

इंजेक्शनची गोष्ट निराळी. सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मिळणारे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. औषध स्नायूत राहते आणि हळूहळू झिरपते. त्यामुळे शेवटचे इंजेक्शन घेतल्यापासून दिवस राहायला सरासरी ७ ते १० महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. मोजणी शेवटच्या सुईच्या तारखेपासून करायची; घरात ‘आता नको घेऊ’ असे ठरले त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे सहा महिने हा उशीरच नाही. इंजेक्शन चालू असताना पाळी बंद झाली तर ‘रक्त आत साचले’ असे म्हणतात, तेही खरे नाही. अस्तर वाढतच नाही, तर साचणार काय? ज्यांना वर्षभरात मूल हवे आहे, त्यांनी हे साधन निवडण्याआधीच एवढा विचार करावा. ही माहिती सुई टोचण्यापूर्वी बाईला मिळायला हवी, आणि ती बहुतेक वेळा घाईत राहून जाते.

‘छाया’ ही आठवड्याची गोळी हार्मोनची नाही, तांबीही (कॉपर-टी) नाही. ती थांबवल्यावर किंवा काढल्यावर फार वाट पाहावी लागत नाही.

या काळात अनेकींना आणखी एक अडचण येते, ती डॉक्टरांना सांगता येत नाही. मधूनच डाग दिसतो. नमाज पढायची की नाही? रोजा? हनफी मसलकात हैज कमीत कमी ३ दिवस, जास्तीत जास्त १० दिवस. शाफई मसलकात एक दिवस-रात्र ते १५ दिवस. त्यापलीकडचे रक्त इस्तिहाजा, त्यात नमाज-रोजा माफ नाही. कोकणातली आपली घरे बहुतेक शाफई, घाटावरची बहुतेक हनफी. रत्नागिरीची मुलगी सोलापुरात दिली की नणंदेचे उत्तर तिला लागू पडेलच असे नाही. तिने कॅलेंडरवर तारखा लिहाव्यात आणि आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. तेच कॅलेंडर डॉक्टरांपुढेही ठेवता येते.

‘गोळ्या घेतल्या म्हणून अल्लाह नाराज झाला’ हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांतही ऐकले आहे. सहाबांच्या काळात अज्ल होत असे, ही हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्याच आधारावर अनेक उलेमा नवरा-बायकोच्या संमतीने तात्पुरत्या साधनांना परवानगी देतात. मग थोडा उशीर झाला की त्या मुलीला गुन्हेगार का ठरवायचे?

गोळी सोडून तीन महिने पाळी आली नाही, तर आधी लघवीची तपासणी करावी, मग डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष होऊन गेले तरी पाळी नसेल, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तरीही जावे. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न केल्यावर थांबू नये. मूल हवे असेल तर आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. आणि दवाखान्यात जाताना मुलालाही बरोबर न्यावे. वीर्याची तपासणी साधी आहे. त्यात टोचणे नाही, कापणे नाही. सुनेच्या सोनोग्राफ्या सुरू करण्याआधी ती एकदा करून घ्यावी.