आवाज कसला ऐकता?

"अहो, गाणं ऐका की! आवाज कसला ऐकता?" एकाच जाझ अल्बमच्या तीन-तीन प्रती घरात बाळगणाऱ्या माणसाला वसईत हा प्रश्न ठरलेला आहे. विचारणारा औरंगजेब असता तर सोडून दिलं असतं. पण तो पापडीचा किंवा माणिकपूरचा, रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये टेनर गाणारा, लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड लहानपणापासून ऐकलेला माणूस असतो. त्याच्या मते रसिकाने सुरात रमावं; एलपीच्या नव्याजुन्या आवृत्त्या ताडून बघणं हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा चाळा आहे. खरखरणाऱ्या रेडिओवर बालगंधर्व ऐकून लोक रडलेच ना?

रडले, कबूल. पण त्यावरून रेडिओची खरखर बालगंधर्वांची ठरत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा "ओव्या म्हणा की, अक्षरं कसली तपासता" असं त्यांना कोणी सुनावल्याचं ऐकिवात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. त्या कामाला आपण विद्वत्ता म्हणतो. मग ध्वनिमुद्रणाचे पाठभेद तपासले की तोच उद्योग चाळा कसा होतो? जाझमध्ये तर लिहिलेली संहिता नावापुरती असते. त्या दिवशी, त्या खोलीत, त्या माणसांनी जे उत्स्फूर्त वाजवलं तीच कृती, आणि ती कुठे आहे म्हणाल तर टेपवर.

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित झाल्या. त्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित मंद चालत होतं. मंद चाललेल्या यंत्रावर भरलेली टेप योग्य वेगाच्या यंत्रावर वाजवली की लय वाढते आणि सूर चढतो. झालं तसंच. बाजारात गेलेली पहिली बाजू मूळ वादनापेक्षा जराशी चढी निघाली आणि जगभर तशीच विकली गेली. सुदैवाने शेजारी दुसऱ्या यंत्रावर सुरक्षेसाठी आणखी एक टेप भरली जात होती आणि ते यंत्र ठीक होतं. तिच्यावरून वेग दुरुस्त केलेली आवृत्ती आली १९९२ साली, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. आता सांगा, "गाणं ऐका" म्हणणाऱ्याने यातलं कोणतं गाणं ऐकायचं? आपल्याकडे गायकाची पट्टी अर्ध्या सुराने सरकली तरी मैफिलीत माना वळतात. इथे तर वादकांच्या अपरोक्ष पट्टी सरकवली गेली.

त्याच अल्बममधल्या 'सो व्हॉट'मध्ये पियानो आणि बेसची प्रस्तावना संपते, मुखडा होतो आणि माइल्सचा ट्रम्पेट सुरू होताना ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. वाईट कापलेल्या प्रतीत तो नुसता 'छस्स' असा येऊन जातो. चांगल्या प्रतीत आधी काठीचा आघात कळतो, मग पितळ थरथरतं, आणि ती थरथर ट्रम्पेटच्या पहिल्या सुरांखाली बराच वेळ चालू राहते. कॉबने तो टोला तसाच घोळत ठेवला होता, हे कळण्यासाठी ती थरथर ऐकू यावी लागते. हा आवाजाचा मुद्दा की संगीताचा? मला तरी दोहोंत भिंत घालता येत नाही.

मोबाइलवर सगळं फुकट असताना खटाटोप कशाला, या आक्षेपाला एका वाक्यात उत्तर पुरे: त्या नावाखाली कोणत्या वर्षीची, कोणी केलेली, कुठल्या टेपवरची प्रत वाजते आहे हे तिथे बहुधा लिहिलेलंच नसतं.

एवढं म्हटल्यावर आमच्याच पंथातले लोक टाळ्या वाजवायला लागतात, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. त्यांचा सिद्धांत असा: पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिल्या छपाईची प्रत, तेच सत्य, बाकी सगळ्या सावल्या. रेकॉर्डच्या शेवटी, लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' अशी खूण भिंगाने सापडली की हे लोक हात जोडतात. व्हॅन गेल्डर थोर होता, वादच नाही. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत ब्लू नोट या जाझ कंपनीच्या रेकॉर्डी करायच्या, असा त्याचा खाक्या. स्वतःचा मोठा स्टुडिओ त्याने बांधला तो १९५९ साली. पण तबकडी कापताना त्याला त्या काळचे स्वस्त ग्रामोफोन डोळ्यांपुढे ठेवावे लागत. खर्ज जास्त भरला तर सुई उडे आणि माल परत येई. म्हणून तो खालचा खर्ज आवरता घेई, मधला भाग पुढे आणी. म्हणजे ज्याला हे लोक मूळ रूप म्हणतात तीसुद्धा टेपवरून बाजारासाठी केलेली एक आवृत्तीच. १९९९पासून त्याच व्हॅन गेल्डरने त्याच टेप घेऊन सीडीसाठी पुन्हा काम केलं, आणि तो आवाज पुष्कळांना झगझगीत, दाबून मोठा केलेला वाटला. माणूस तोच, टेप तीच, आवाज दोन. २०१९पासून ब्लू नोटच्या 'टोन पोएट' मालिकेत जो हार्ली आणि केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून कापलेल्या एलपी येऊ लागल्या, त्यांत बेस इतका भरीव आहे की काही प्रतींपुढे पन्नास वर्षांपूर्वीची पहिली आवृत्ती सर्दी झाल्यासारखी वाटते. शिवाय किमतीतला जमीनअस्मानाचा फरक वेगळाच.

आणि आपण राहतो कुठे याचाही विचार करा. खाडी, मिठागरं आणि चार महिने न वाळणारे कपडे, अशा हवेत साठ वर्षं काढलेल्या एलपीच्या खाचांत बुरशी घर करते. चोरबाजारातून हौसेने उचललेली 'ओरिजिनल' विरार लोकलमधून न वाकवता वसईला आणणं हे स्वतंत्र शौर्य. पण घरी आणून वाजवली की ब्रशने वाजवलेला ड्रम कुठला आणि बुरशी कुठली हे ओळखण्यातच संध्याकाळ जाते.

पहिल्या प्रेसिंगच्या सिद्धांताला सगळ्यात मोठी अडचण एका कोकणी माणसाने करून ठेवली आहे. अमान्सियो डिसिल्व्हा १९३६ साली मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मला, गिटार घेऊन लंडनला गेला, १९६९ साली 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' करून बसला. त्या दोन्हींच्या पहिल्या प्रती आता सोन्याच्या भावाने जातात. त्याचं 'कोंकण डान्स' मात्र १९७०च्या दशकात मुद्रित होऊन पडून राहिलं आणि बाजारात आलं ते या शतकात. त्याला त्या काळचं पहिलं प्रेसिंगच नाही. मग ते ऐकायचंच नाही की काय?

या दोन टोकांशी भांडताना २०२२च्या जुलैत एक आयतं हत्यार मिळालं. कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागडे रीइश्यू काढते; ते थेट मूळ टेपवरून, संगणकाला न शिवता होतात अशी ग्राहकांची समजूत होती आणि कंपनीने ती वाढू दिली. फिनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने बोभाटा केला आणि कंपनीच्या तंत्रज्ञांनी कबूल केलं की २०११पासून मधली एक पायरी डिजिटल आहे. खटला झाला, सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. पापडीच्या स्नेह्यांनी टाळी दिली: "बघा, अकरा वर्षं कोणाच्या कानाला कळलं नाही!" माझ्या मते या प्रकरणाने उलटंच सिद्ध केलं. अकरा वर्षं लोकांनी त्या रेकॉर्डी चांगल्या वाजतात असं म्हटलं, आणि त्या चांगल्याच वाजत होत्या. कानांनी दगा दिला नाही. दगा दिला तो वेष्टनाने. हरला तो डिजिटल म्हणजे विष असं मानणारा सोवळेपणा.

म्हणून तुलना करायची तर ती वेष्टन बाजूला ठेवून. दोन्ही प्रतींच्या आवाजाची पातळी काटेकोर सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठी वाजणारी प्रत नेहमीच सरस भासते. निम्मे वाद या एका गफलतीवर उभे असतात. तबकड्या घरातल्या दुसऱ्या कोणी बदलाव्यात आणि कुठली लावली ते सांगू नये. मग उंची किमतीची प्रत ओळखून दाखवावी. पुष्कळांची वाचा बसते.

राहिला शेवटचा टोमणा, की हे सगळं परक्यांचं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ साली 'अलबेला'ला संगीत दिलं तेव्हा त्यांच्या जोडीला हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. पडद्यावरही तो आपल्या बँडसह दिसतो. ताजमहाल हॉटेलात १९३५पासून लिओन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवून गेले आणि त्यांच्याभोवती गोवेकर वादकांची एक पिढी तयार झाली. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात ती कहाणी मांडली. पण त्या वादकांच्या शेलॅकच्या तबकड्यांची नीट, वेग तपासून, टिपणांसह काढलेली मालिका कुठे आहे? माइल्सच्या एका अल्बमचे डझनावारी रीइश्यू निघतात आणि चिक चॉकलेट माळ्यावर पडून राहतो. कीव करायचीच तर याची करा.

हे काम उद्या कोणी करायला घेतलं, तर त्याला नेमके हे 'आवाज ऐकणारे' लोक लागतील. मूळ साचे हाताशी नसले की एकाच तबकडीच्या चार प्रती जमवून, एकीची सुरुवात आणि दुसरीचा शेवट घ्यावा लागतो. सुई एलपीच्या सुईपेक्षा कितीतरी रुंद लागते. लेबलावर ७८ छापलेलं असलं तरी जुन्या तबकड्या त्याच वेगाने भरल्या असतील याची खात्री नसते. डान्स बँड ट्रम्पेट-सॅक्सोफोनला सोयीच्या बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा पट्ट्या धरत; अख्खा बँड भलत्याच पट्टीत वाजू लागला तर चूक फिरकीच्या वेगात शोधावी. वसईच्या जुन्या घरांत माळ्यावर असा एखादा गठ्ठा अजून असेल. सापडला तर लेबलावरचे आणि खाचांजवळ कोरलेले आकडे आधी उतरवून घ्या, आणि धुताना एलपीला वापरतो ते स्पिरिट पाण्यात मिसळू नका. शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं.