पेल्टिअरचा प्रकल्प : खरा धडा वीजपुरवठा निवडण्यात आहे



विज्ञान प्रदर्शनात हल्ली 'पेल्टिअर' लावलेला एखादा प्रकल्प हमखास दिसतो. कुणी छोटा फ्रिज करतं, तर सातवी-आठवीतली काही मुलं थेट जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर गार करायला निघतात. चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची ती पांढरी वडी, तिला एक लाल आणि एक काळी वायर. वीज दिली की एक बाजू गार होते, दुसरी तापते. झाँ पेल्टिअर या फ्रेंच संशोधकाने १८३४ मध्ये हा परिणाम शोधला. १८३८ मध्ये लेन्झ या शास्त्रज्ञाने त्याच तत्त्वावर पाण्याचा थेंब गोठवला आणि करंटची दिशा उलटी करून तोच थेंब वितळवून दाखवला.

सगळ्यांचं लक्ष त्या वडीकडे असतं. वीजपुरवठा मात्र घरात जो सापडेल तो! कुणी मोबाईलचा चार्जर आणतं, कुणी एलईडी पट्टीचा अडॅप्टर. माझं मत स्पष्ट आहे. या प्रकल्पात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त काही असेल, तर ते वीजपुरवठा निवडण्यात आहे. आपण मोठ्यांनी मुलांसोबत वेळ द्यायचा तो तिथेच.

कसं ते बघा. बाजारात सर्रास मिळणारी वडी म्हणजे १२७०६. या आकड्यातच माहिती आहे. १२७ म्हणजे आतल्या जोड्या आणि ०६ म्हणजे जास्तीत जास्त ६ अँपिअर. १२ व्होल्ट दिले तर ती साधारण ५ अँपिअरपर्यंत करंट ओढते. आता मुलांनाच गुणाकार करू द्या : १२ × ५ = ६० वॅट. एलईडी पट्टीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं असेल तर तो देणार २४ वॅट. मग तो तापतो नाहीतर बंद पडतो, आणि मुलं म्हणतात, "सर, पेल्टिअर खराब निघाला!" खराब काहीच नसतं, फक्त हिशेब केलेला नसतो. १२ व्होल्टवर चालवायचंच असेल तर निदान ७-८ अँपिअरचा पुरवठा घ्यावा. त्याला कायम पूर्ण ताकदीने राबवू नये. वायरही जाड हवी. बारीक वायर आणि मगर-चिमटे एवढ्या करंटला गरम होतात.

दुसरा गैरसमज म्हणजे 'जास्त वीज, जास्त थंड'. करंट दुप्पट केला तर उष्णता ओढण्याची ताकद दुप्पट होते, पण वडीच्या आत तयार होणारी उष्णता चौपट होते. म्हणून एका मर्यादेनंतर करंट वाढवला की गार बाजूही तापायला लागते. शिवाय गरम बाजूला दुहेरी ओझं असतं. गार बाजूकडून ओढलेली उष्णता आणि वर पुरवठ्याची सगळी वीज, दोन्ही तिथेच बाहेर पडतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब किती तापायचा ते आठवा. एवढी उष्णता छोट्या हीटसिंकला झेपत नाही. त्यामुळे हीटसिंक लहान असेल तर ५ व्होल्टवर चालवलेली वडी १२ व्होल्टपेक्षा जास्त गार राहू शकते. हे मुलांनी स्वतः मोजून बघितलं तर कायम लक्षात राहतं.

त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचा बंद डब्यातला वीजपुरवठा उत्तम. त्याच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट मिळतात, लाल आणि काळ्या वायरमध्ये ५ व्होल्ट. डब्यावरच्या लेबलवर किती अँपिअर मिळतील तेही छापलेलं असतं. ते वाचणं हाच पहिला अभ्यास. दोन्ही व्होल्टवर दर मिनिटाला तापमान नोंदवा आणि आलेख काढा. प्रकल्प तयार!

काही जण म्हणतील, वीजपुरवठाही मुलांनीच बनवू दे की! इथे मात्र माझा ठाम नकार आहे. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला डायोड आणि कपॅसिटर जोडला की १२ नाही, १५-१६ व्होल्टपर्यंत जातात, म्हणजे वडीच्या मर्यादेपलीकडे. त्यात २३० व्होल्टशी खेळ. एसएमपीएसचा डबा तर उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो. मुलांनी हिशेब बनवावा, पुरवठा तयार घ्यावा. प्लग लावताना मोठं माणूस शेजारी हवंच. आणि हीटसिंकशिवाय वडी क्षणभरही चालू करू नये.

आता प्रोसेसरचं. ६५ वॅटचा प्रोसेसर एका १२७०६ ने गार होत नाही. दोन्ही बाजूंच्या तापमानात काहीच फरक नसताना ती जेमतेम ५०-६० वॅट ओढते, फरक वाढला की आणखी कमी. पुरवठा बंद पडला तर तीच वडी उष्णतेच्या वाटेत आडवी येते. पावसाळ्यात गार बाजूवर दव धरतं आणि ते पाणी मदरबोर्डवर गळतं. इंटेलसारख्या कंपनीने २०२० मध्ये पेल्टिअरवर चालणारी शीतकरण पद्धत आणली, तेव्हा तिला वेगळी वीजजोडणी आणि दव टाळणारी नियंत्रण व्यवस्था द्यावी लागली. म्हणून मुलांना चालू कॉम्प्युटरवर प्रयोग करू देऊ नका. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी किंवा पाण्याचा थेंब पुरे.

पालकांना एकच विनंती. तयार किट विकत आणून बक्षीस मिळेलही, पण परीक्षकांनी "हाच अडॅप्टर का?" असं विचारलं तर उत्तर तुमच्या मुलाला देता आलं पाहिजे. शिक्षकांनीही गुण देताना चकचकीत मॉडेलपेक्षा वहीतला तो गुणाकार आधी बघावा.