चहाच्या बदल्यात अफू

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. शाळेत ‘ओपियम वॉर’ दोन ओळींत संपलं होतं. व्यापारावरून झालेलं भांडण, एवढंच मला कळलं.

पण व्यापार कशाचा? ब्रिटिशांना चिनी चहा हवा होता, पण त्यासाठी चांदी मोजायची नव्हती. म्हणून हिंदुस्थानात पिकलेली अफू, चीनमध्ये बंदी असूनही, तिथे चोरून विकली गेली. घरंच्या घरं व्यसनात बुडाली. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने हूमेनला अफूच्या २०,००० पेट्या नष्ट केल्या, तर ब्रिटनने युद्धनौका धाडल्या. १८४२ च्या नानकिंग तहात चीनने हाँगकाँग गमावलं, पाच बंदरं खुली केली, वर त्याच अफूची भरपाईही दिली!

आणि मित्रांनो, त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच जायची. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्यात पैसा कमावला आणि पुढे दानधर्मही केला. जे.जे. हॉस्पिटलबद्दल मला आदर आहेच. पण साम्राज्यवादाचे आपण फक्त बळी होतो, असं म्हणणं मला आता जमत नाही. याला तेव्हा ‘फ्री ट्रेड’ म्हणत. ज्या चिनी घरातला बाप अफू ओढत पडून राहिला, त्या घराला कुणी विचारलं होतं का?