बाळंतपणाचा भार कोणावर?

समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, तरी स्त्री मागेच का? आम्ही वकील एका अटीकडे बोट दाखवतो. प्रसूती रजेचा पगार हवा तर त्याच मालकाकडे आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले लागते. पगार वाढतो नोकरी बदलल्याने. मूल हवे असलेल्या भगिनीने ती बदलायची कशी? २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, पण कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेर हा पगार मालकानेच द्यायचा. मग तो बाईला घेतानाच हात आखडतो. कंत्राटी सफाई कामगार भगिनींनी तर ८० दिवसांची हजेरी सिद्ध करायची कुठून? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब म्हणाले होते, हा भार मुख्यतः सरकारने उचलावा. सरकार तो का उचलत नाही?