द्वेषाला मत म्हणू नका

एखाद्याने तुमच्या तोंडावर सांगितले की तुम्ही अस्तित्वातच नाही, तर तुम्ही त्याला काय पुरावा द्याल? जन्मदाखला? आजोबांच्या नावचा सातबारा? पॅलेस्टिनी माणूस पिढ्यान्‌पिढ्या असे पुरावे देतो आहे. जमिनीचे कागद पुढे करतो, गमावलेल्या घराची गंजलेली किल्ली दाखवतो, आजीच्या झग्यावरच्या भरतकामावरून तिचे गाव कोणते ते सांगतो. आणि ऐकणारे जग मान डोलावून म्हणते, ‘ही झाली एक बाजू.’ माझा आरोप या मान डोलावणाऱ्या जगावर आहे. शिवी देणाऱ्याला दोष देणे सोपे असते. पण त्या शिवीला मत समजून, समोरच्याच्या जगण्यासोबत एकाच तराजूत तोलणारा सुशिक्षित समाज अधिक दोषी आहे. त्या समाजात आपणही आहोत.

पॅलेस्टिनीद्वेषाचे पहिले रूप नाकारण्याचे आहे. पॅलेस्टाईनच्या भूमीत लोक म्हणावेत असे कोणी नाहीतच, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही ख्रिस्ती धर्मलेखकांनी रुजवली आणि पुढे काही झायोनवादी प्रचारकांनी ती उचलली. ब्रिटिश सरकारच्या १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने तिथल्या सुमारे नव्वद टक्के रहिवाशांचा उल्लेख ‘ज्यू नसलेले समाज’ एवढाच केला. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येणार नाही असे म्हटले, राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर काढले नाही. पाच वर्षांनी खुद्द ब्रिटिशांनी खानेसुमारी केली, तेव्हा साडेसात लाखांवर माणसे मोजली गेली. त्यांत ज्यू होते सुमारे ८४ हजार, बाकीचे बहुतांश अरब मुसलमान आणि ख्रिस्ती. याफा शहरातून तर १९११ पासून ‘फलस्तीन’ नावाचे वृत्तपत्र निघत होते. वाचक नसलेल्या देशात वृत्तपत्र निघत नसते.

१९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी परागंदा झाले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. या सर्वनाशाला ते ‘नकबा’ म्हणतात. पुढे २०११ साली इस्रायलने कायदाच केला, की स्वातंत्र्यदिन हा शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थेचे सरकारी अनुदान कापता येईल. आधी घर गेले, मग घराबद्दल रडण्याचा हक्क.

नाकारणे मात्र थांबले नाही. १९६९ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले की पॅलेस्टिनी असे कोणी नव्हतेच. १९८४ मध्ये जोन पीटर्स या अमेरिकन लेखिकेने जाडजूड पुस्तक लिहून दावा केला, की हे लोक आसपासच्या देशांतून अलीकडे आलेले उपरे आहेत. अमेरिकेत पुस्तकाची वाहवा झाली. येहोशुआ पोराथ या इस्रायली इतिहासकारानेच पुढे त्यातल्या दाव्यांच्या चिंधड्या उडवल्या. तरी २०२३ च्या मार्चमध्ये इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच पॅरिसच्या व्यासपीठावरून पुन्हा तेच बोलले. खोडून काढलेले असत्य इतक्यांदा जिवंत होते, कारण ते अज्ञानातून येत नाही, गरजेतून येते. माणसेच नव्हती असे ठरले की त्यांच्यावर अन्यायही झाला नाही असे ठरते.

दुसरे रूप संशयाचे. २०१७ मध्ये वेस्ट बँकमधल्या एका इस्रायली वसाहतीत काम करणाऱ्या पॅलेस्टिनी बांधकाम मजुराने बुलडोझरला टेकून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. खाली अरबीत लिहिले होते, शुभ सकाळ. फेसबुकच्या यंत्राने हिब्रूत त्याचे भाषांतर केले, ‘त्यांच्यावर हल्ला करा’. पोलिसांनी मजुराला उचलले. काही तासांनी चूक लक्षात आली आणि तो सुटला. यंत्राची चूक मी समजू शकतो. पण माणसाला अटक करण्याआधी अरबी जाणणाऱ्या एकाही शिपायाला ती ओळ वाचायला दिली गेली नव्हती. पॅलेस्टिनी माणूस, हाताशी बुलडोझर, मग तपासायचे काय राहिले? पूर्वग्रह म्हणतात तो हा. तपासण्याची गरज न वाटणे हेच त्याचे लक्षण.

हा संशय जीवही घेतो. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेत शिकागोजवळ सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी-अमेरिकन मुलाला त्याच्या घरमालकाने चाकूने भोसकून मारले. मुलाची आई गंभीर जखमी झाली. गाझातल्या ज्या युद्धाची बातमी ऐकून घरमालक पेटला, त्याच्याशी त्या पोराचा संबंध एवढाच की त्याचे आईबाप पॅलेस्टिनी होते. २०२५ मध्ये न्यायालयाने खुनाबरोबर द्वेषगुन्हाही सिद्ध झाल्याचा निर्णय दिला.

आता प्रश्न असा की हे सारे लिहून ठेवायचे कसे? हा प्रश्न किरकोळ नाही. आज जगातला शाळकरी मुलगा, पत्रकार, वकील, प्राध्यापक, कोणीही असो, एखादी गोष्ट जाणून घ्यायची झाली की आधी विकिपीडिया उघडतो. २००१ पासून लाखो अनामिक माणसांनी बिनमोबदला उभारलेला हा सामुदायिक ज्ञानकोश आहे. त्यात पॅलेस्टिनी-विरोधी द्वेषाचे पान कसे लिहिले जाते, यावर पुढच्या पिढीला काय द्वेष वाटेल आणि काय सामान्य वाटेल हे ठरणार आहे. म्हणूनच इस्रायल-पॅलेस्टाईनच्या विषयावर तिथे सर्वांत चिवट भांडणे होतात. इंग्रजी विकिपीडियावर या विषयाला हात लावायचा तर खाते किमान तीस दिवस जुने लागते आणि पाचशे संपादने केलेली लागतात. दुसऱ्याचा बदल चोवीस तासांत एकापेक्षा अधिक वेळा उलटवता येत नाही. प्रत्येक फेरबदल इतिहासात नोंदला जातो आणि प्रत्येक वादाची चर्चा पानावर उघड नोंद राहते.

या चर्चांमध्ये सगळ्यात सभ्य चेहऱ्याचा अन्याय तटस्थतेच्या नावाखाली होतो. काही जण म्हणतात, यासाठी वेगळे पान कशाला? अरबद्वेष आणि मुस्लिमद्वेष यांत हे आलेच की. आले नाही. ‘फलस्तीन’ वृत्तपत्र काढणारे अल-इसा चुलत बंधू ख्रिस्ती होते. विचारवंत एडवर्ड सैद ख्रिस्ती घरात जन्मले. ११ मे २०२२ रोजी जेनिनमध्ये वार्तांकन करताना गोळी लागून मृत्यू पावलेल्या अल जझीराच्या पत्रकार शिरीन अबू अक्लेह ख्रिस्ती होत्या, आणि जेरुसलेममध्ये त्यांची शवपेटी वाहणाऱ्यांवर इस्रायली पोलिसांनी लाठ्या चालवल्या. धर्म कोणताही असो, पॅलेस्टिनी असणे हाच जिथे गुन्हा ठरतो, तिथे त्या द्वेषाला त्याचेच नाव द्यावे लागते. कॅनडातल्या अरब वकिलांच्या संघटनेने २०२२ मध्ये नेमके हेच केले. पॅलेस्टिनींना गप्प करणे, पुसून टाकणे, बदनाम करणे, त्यांचे माणूसपण काढून घेणे, या सगळ्याला त्यांनी वंशद्वेष म्हणून एकत्र मांडले.

दुसरे काही जण म्हणतात, दोन्ही बाजू द्या. विकिपीडियाचा तटस्थतेचा नियम असे सांगतच नाही. तो सांगतो, मत असेल तर ते कोणाचे ते लिहा, वस्तुस्थिती असेल तर वस्तुस्थिती म्हणून लिहा, आणि विश्वसनीय अभ्यासात ज्या म्हणण्याला जेवढे वजन आहे तेवढीच जागा त्याला द्या. या नियमाने पाहिले तर पॅलेस्टिनी लोक आहेत की नाहीत हा वादाचा विषय उरत नाही. ते नाहीत असे कोण, कधी, कोणत्या हेतूने म्हणाले, हा इतिहासाचा विषय उरतो. गोल्डा मेयर यांचे विधान पॅलेस्टिनींबद्दल काही सिद्ध करत नाही. ते त्या काळच्या सत्तेबद्दल सांगते. ज्ञानकोशाने ते तसेच नोंदवावे, नावानिशी आणि सालानिशी.

शिरीन यांच्या मृत्यूचेच पाहा. पहिल्या दिवशी इस्रायली सरकारने म्हटले, गोळी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांची असण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षदर्शी सांगत होते, गोळी इस्रायली सैनिकांच्या बाजूने आली. त्या दिवशी ‘दोन्ही बाजू’ लिहून हात झटकणे सोयीचे होते. पुढे अनेक वृत्तसंस्थांनी चित्रफिती आणि आवाज तपासले, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने जूनमध्ये गोळी इस्रायली सैनिकांची असल्याचा निष्कर्ष काढला, आणि सप्टेंबरमध्ये इस्रायली सैन्यानेही मान्य केले की आपल्याच सैनिकाच्या गोळीने त्या गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे, मात्र गोळी जाणूनबुजून झाडल्याचे नाकारले. प्रामाणिक नोंदीत हे सारे टप्पे क्रमाने येतात. पहिल्या दिवशीचा दावा पुसायचा नाही, पण तो शेवटचा शब्द म्हणूनही ठेवायचा नाही.

हीच शिस्त आपल्या बाजूलाही लावावी लागते आणि तिथे अनेक सहृदय माणसे कच खातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघांच्या गळ्यात केफिये, म्हणजे पॅलेस्टिनी रुमाल, होते. एकाचा छातीखालचा भाग लुळा पडला. मन म्हणते, हा द्वेषगुन्हाच. पण आरोपीवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला गेला, पुरावा अपुरा म्हणून द्वेषगुन्ह्याचे कलम लावले गेले नाही. शिकागोची घटना आणि बर्लिंग्टनची घटना एका ओळीत, एका वजनाने लिहिता येत नाहीत. फरक नोंदवल्याने पीडितांचा अपमान होत नाही. तो पुसला तर मात्र उद्या कोणीही उठून म्हणेल, तुमची सगळीच यादी फुगवलेली आहे.

तसेच हमासवर टीका करणे म्हणजे पॅलेस्टिनीद्वेष नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास आणि तिच्या साथीदारांनी सुमारे १२०० माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. तो गुन्हा होता आणि तो तसाच लिहिला पाहिजे. ज्यूंचा द्वेष हे पॅलेस्टाईनवरच्या प्रेमाचे लक्षण कधीच असू शकत नाही. पण त्या गुन्ह्याचे माप घेऊन गाझातल्या वीस लाखांवर माणसांना मोजायचे, त्यांच्या मृतांच्या प्रत्येक आकड्यावर शंकेचे शेपूट लावायचे, हा पूर्वग्रह आहे. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून अधिक माणसे मारली गेली. आकड्याचा स्रोत जरूर सांगा. मग प्रत्येक युद्धातल्या प्रत्येक आकड्याचा स्रोत तितक्याच खणखणीतपणे सांगा.

आता आपल्या घराकडे वळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या चार वर्षांच्या मुलाचे प्रेत ही बाहुली आहे, असा प्रचार समाजमाध्यमांवर झाला. पत्रकारांनी शोध घेऊन तो खराखुरा मेलेला मुलगा असल्याचे दाखवून दिले. त्या महिन्यात पॅलेस्टिनींविरुद्ध खोटी माहिती पसरवण्यात भारतातली खाती आघाडीवर असल्याचे ‘बूम’ या आपल्याच देशातल्या तथ्य-पडताळणी संस्थेला आढळले. हे संदेश आपल्या सोसायट्यांच्या, नातेवाइकांच्या, शाळासोबत्यांच्या गटांवरही आले. सकाळी देवाचा फोटो पाठवणाऱ्या बोटांनीच ते पुढे गेले. ज्यांना कधी पाहिले नाही, ज्यांनी आपले काही बिघडवले नाही, त्यांच्या मेलेल्या लेकरांची टिंगल आपण चहासोबत घेतली. काहींना स्थानिक वैर दूरच्या माणसांवर काढायचे होते, काहींना कोणत्या तरी बलवानाच्या बाजूचे असल्याचा आनंद हवा होता. आणि बाकीचे गप्प राहिले, कारण गटात वाद नको. त्या गप्प राहण्याचा हिशेबही आपल्याच नावावर आहे.

मराठी समाजाला तर हे शोभतच नाही. कोकणातले बेने इस्रायली हे मराठी बोलणारे ज्यू. रायगडच्या गावांत शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले. आपल्यात ते शतकानुशतके सुखाने नांदले. हेच लोक इस्रायलला गेले, तेव्हा तुम्ही खरे ज्यू आहात का, अशी विचारणा तिथल्या धर्मपीठाने सुरू केली. लग्नासाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेला ते सर्व बाबतींत समान ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. तुम्ही जे आहात ते नाहीच, असे ऐकून घेण्याचे दुःख आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसांनी भोगले आहे. त्यांच्याविषयी जिव्हाळा असणाऱ्याला पॅलेस्टिनी माणसाचे दुःख परके वाटता कामा नये.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी मराठीत ज्ञानकोश उभारला, लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत विश्वकोशाचे काम हाती घेतले. जगाचे ज्ञान आपल्या भाषेत तपासून आणावे, ऐकीव आणू नये, हा त्यामागचा आग्रह होता. तो वारसा आज कोणाचा? मराठी विकिपीडिया सर्वांना खुला आहे. पॅलेस्टाईनवर लिहा. नकबावर लिहा, खानेसुमारीवर लिहा, हमासच्या गुन्ह्यांवर लिहा, ज्यूद्वेषावर लिहा आणि पॅलेस्टिनीद्वेषावरही लिहा. प्रत्येक वाक्याला संदर्भ द्या. विशेषण गाळा, साल घाला. कोण म्हणाले ते सांगा. कोणी पुरावा न देता ओळ खोडली तर चर्चा पानावर जाब विचारा, आणि पुराव्याने तुमची ओळ खोडली तर ती खोडू द्या. लिहायला वेळ नसेल त्याने निदान पुढे पाठवण्याआधी तपासावे, आणि घरच्या गटात खोटे आले तर मोठ्यांचा मान राखून, पण सगळ्यांदेखत, ‘हे खोटे आहे’ असे म्हणावे. एवढे न करता आपण स्वतःला सुसंस्कृत म्हणवत असू, तर आपल्याला तो शब्द वापरण्याचा अधिकार नाही.