वकिलाला हॅश कळली पाहिजे

दासगावात एखाद्या मुलावर मोबाइलच्या स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला की घरचे महाडला वकिलाकडे धावतात आणि रात्री मला फोन करतात, कारण मी कॉम्प्युटरवाला. वकीलसाहेबांनी स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून ठेवलेल्या असतात. नुसत्या प्रिंटवर भागत नाही.

जालन्याच्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हे निवडणूक कचेरीतल्या व्हिडिओवरून ठरायचे होते आणि अधिकारी मागूनही त्याचे प्रमाणपत्र देईनात. न्यायालय म्हणाले, मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र हवेच. पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तरच सूट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

हे काम इंजिनिअरचे, असे वकील मंडळी म्हणतात. मला अर्धेच पटते. हॅश काढायला मी दहा मिनिटांत शिकवीन. पण फोन जप्त करताना ती पंचनाम्यात का नोंदवली नाही, हे उलटतपासणीत कधी आणि कसे विचारायचे, ते मला जमणार नाही. आपली जी मुलेमुली एलएलबी होऊन जामीन आणि नोटरीच्या कामात अडकली आहेत, त्यांतल्या दोघांनी तरी ते सोडून इकडे वळावे. शिकायची फी जमातीने भरावी. त्यासाठी लग्नाचा एखादा मंडप लहान झाला तरी चालेल.